लांब हिवाळा आणि मुलांचे बाहेरचे खेळणे: या चुका टाळा

जिथे पाच-पाच महिने बर्फ हटत नाही आणि दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, अशा ठिकाणी मुले वाढवणाऱ्या पालकांकडून मी दर हिवाळ्यात एकच तक्रार ऐकते: "आमच्या मुलाला बाहेर जायला आवडतच नाही." गेली अकरा वर्षे मी आधी माझ्या दोन मुलांना आणि पुढे शेजारच्या सात-आठ मुलांना हिवाळाभर रोज दुपारी बाहेर नेत आले आहे, आणि बाहेर जाणे मुळातच नावडणारे मूल मला अजून भेटलेले नाही. भेटतात ती मोजे भिजलेली, बोटे बधिरलेली, घामाने चिंब होऊन मग कुडकुडणारी मुले. आपण मुलाच्या स्वभावाला दोष देतो आणि त्याच्या पायातले बूट काढून पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्याच त्या चुका दरवर्षी नव्याने होताना दिसतात, म्हणून हे लिहीत आहे.

थंडी आहे म्हणून अंगावर मिळेल ते चढवणे

मुलाला सुती बनियन, त्यावर सुती शर्ट, दोन स्वेटर आणि वर जाड जाकीट घालून बाहेर पाठवले की पालकांना हायसे वाटते. मूल दहा मिनिटे धावते, घामाघूम होते आणि तो सगळा घाम सुती कापड शोषून धरून ठेवते. ऊब टिकते ती कपड्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि त्या हवेची जागा पाण्याने घेतली की शरीरातली उष्णता भराभर निघून जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. मग खेळ जरा थांबला की मूल कापू लागते आणि आपण त्याला आणखी एक स्वेटर घालतो.

अंगालगत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, मध्ये ऊब धरणारा जाडसर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) आणि वर वारा व पाणी अडवणारे जाकीट, एवढे तीन थर पुरतात. अगदी लहान मुलांना मोठ्यांपेक्षा एक थर जास्त घालावा, कारण त्यांचे शरीर लवकर थंड होते. धावत्या वयाच्या मुलांना मात्र मी दारातून निघताना किंचित गार वाटेल इतकेच घालते. दहा मिनिटांनी मानेमागे कॉलरच्या आत हात घालून पाहते. मान ओलसर लागली तर मधला थर काढते, गार लागली तर वाढवते. "थंडी वाजते का?" असे विचारून काही हाती लागत नाही, खेळात रंगलेले मूल नेहमी "नाही" म्हणते आणि घरी जायचे असलेले मूल नेहमी "हो" म्हणते.

घट्ट बुटात दोन मोजे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. थोरला तेव्हा सहा वर्षांचा होता. बूट आदल्या वर्षीचे होते आणि जरा घट्ट झाले होते, पण हिवाळा सरत आला होता आणि दीड महिन्यासाठी नवे कशाला घ्यायचे, असा विचार मी केला. पारा उणे १२ वर होता, म्हणून मी त्याला आत सुती आणि वर लोकरी असे दोन मोजे घातले आणि पाय अक्षरशः कोंबून टेकडीवर घसरगाडी खेळायला नेले. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "आई, पाय दुखतायत." मी म्हणाले, "अजून दोनदा घसर, मग जाऊ." थोड्या वेळाने मी पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, "आता नाही दुखत." मला बरे वाटले.

घरी येऊन मोजे काढले तेव्हा त्याची बोटे मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. मी अंगठा दाबला तर त्याला कळलेसुद्धा नाही. कोपर बुडवून पाहिले तर सुखद वाटेल अशा कोमट पाण्यात पाय ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. बोटांना रंग यायला अर्धा तास लागला आणि संवेदना परत येताना तो कळवळून रडला. सुदैवाने कायमची इजा झाली नाही. मात्र पुढचे तीन आठवडे त्याने बुटांना हात लावला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मी त्याला दोनदा आळशी म्हटले, ते शब्द मला आजही बोचतात.

घट्ट बुटात दुसरा मोजा घातला की बोटे दाबली जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि ऊब धरायला आत हवाही उरत नाही. एकच चांगला लोकरी मोजा घालावा, आणि बूट एवढा मोठा असावा की आत बोटे मोकळेपणी हलवता येतील. मी आता दर वीस मिनिटांनी मुलांना बुटातल्या बुटात बोटे नाचवायला लावते. पाय दुखण्याची तक्रार आली की त्याच क्षणी परतते, आणि दुखणे आपोआप थांबले असे कुणी म्हणाले तर त्याहून घाईने. गारठलेली कातडी चोळू नये, तिच्यावर बर्फ घासू नये, शेगडीजवळही धरू नये, कारण बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही. कातडी पांढरी किंवा कडक राहिली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. रात्री बुटाचे सुटे अस्तर बाहेर काढून वाळत टाकणे आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबणे हे मी दात घासण्याइतके नेमाने करते. आदल्या दिवशीच्या ओलसर बुटाने दुसऱ्या दिवसाची सुरुवातच बिघडते.

हात तापवणाऱ्या छोट्या रासायनिक पिशव्या हल्ली सर्रास मिळतात. बूट लहान झाला आहे हे त्या पिशवीने झाकले जाते, म्हणून मला तो मार्ग पसंत नाही. उघड्या कातडीला ती चिकटून राहिली तर पोळतेही.

पहिल्याच रविवारी तीन तास

नवखे पालक एकदम सगळे सामान आणतात, चांगल्या हवेच्या सुट्टीची वाट पाहतात आणि त्या दिवशी मुलाला सकाळपासून दुपारपर्यंत बर्फात ठेवतात. मूल दमते, भुकेजते, रडते आणि पुढचे दोन आठवडे कुणीच बाहेर पडत नाही. ही उतावळी सुरुवात सवय लागूच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. ती सरासरी आठवड्याची आहे, आणि पंधरा-वीस मिनिटांचे तुकडेही त्यात जमा होतात. पहिल्या आठवड्यात मी मुलांना वीसच मिनिटे नेते आणि ती रमलेली असतानाच परत आणते. दुसऱ्या दिवशी दाराशी आधी तीच उभी असतात.

मुले बाहेर असताना मोठ्यांनी फोन पाहत एका जागी उभे राहणे हीदेखील चूकच आहे. उभा राहणारा माणूस पळणाऱ्यापेक्षा आधी गारठतो, आणि खेळ त्याच्या गारठण्यावर संपतो. मी बर्फ उपसायला एक फावडे सोबत नेते. मुलांनाही लहान फावडे, बादली, एखादी दोरी दिली की कुठला खेळ खेळायचा हे सांगावे लागत नाही.

उन्हाची वाट पाहण्यातही हिवाळा निघून जातो. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि तो डोळ्यांना हवा असतो. निकटदृष्टिता, म्हणजे दूरचे धूसर दिसणे, रोखण्यासाठी तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर घालवावीत असा कार्यक्रम राबवला गेला. अंधार पडला तर कपाळावर बांधायची बॅटरी आणि जाकिटाला चमकत्या पट्ट्या लावून निघावे. अंधारातला लपाछपीचा खेळ मुलांना दुपारच्या खेळाहून प्रिय असतो.

"सर्दी होईल"

सर्दी विषाणूंमुळे होते, आणि हे विषाणू बंद खोलीत, दाटीवाटीत बसलेल्या मुलांमध्ये सहज पसरतात. थंडीच्या भीतीने सगळ्यांना एका खोलीत कोंडून घालणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. नाक गळत असले तरी ताप नसेल आणि मूल हुशारीत असेल, तर मी त्याला थोडा वेळ नेतेच.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चार बोटे एकत्र राहतील असे हातमोजे घ्यावेत. बोटे एकमेकांना ऊब देतात. एक कोरडी जोडी आपल्या जाकिटाच्या आत ठेवावी.

लांब मफलर खेळाच्या साधनांत अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्याऐवजी डोक्यातून चढवायची विणलेली पट्टी वापरावी.

गाडीत बसताना जाड जाकीट काढून मगच पट्टा बांधावा, कारण अपघातात जाकीट दबते आणि पट्टा सैल पडतो.

बाहेर गेल्याबद्दल टीव्ही किंवा मोबाईलचे बक्षीस देऊ नये; त्यामुळे बाहेर जाणे ही शिक्षा असल्याचे मुलाला आपणच शिकवतो.

नुसते तापमान पाहून निघू नये. उणे १० अंशांवर ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते जवळजवळ उणे २० सारखे लागते. जाणवणारे तापमान उणे २७-२८ च्या खाली गेले की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि अशा दिवशी मी कुणालाही नेत नाही.

गोठलेल्या तळ्यावर जायचे की नाही हे मुलांनी कधीच ठरवू नये.

पारा शून्याजवळ आला की निष्काळजी होणे

हिवाळा उतरणीला लागला की पालक जाड कपडे कपाटात ठेवतात, आणि माझ्या अनुभवात मुले सर्वांत जास्त गारठतात ती याच दिवसांत. उणे १५ चा कोरडा बर्फ झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा बर्फ मात्र गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी वितळून आत झिरपतो. या दिवसांत मी मधला थर काढते, पण पाणी अडवणारी विजार काढत नाही, मुलांनी कितीही कुरकुर केली तरी. हातमोज्यांच्याही एकाऐवजी दोन जोड्या सोबत ठेवते. पहिली जोडी पंधराव्या मिनिटाला पिळावी लागते आणि दुसरीच्या जोरावर आणखी अर्धा तास खेळ चालतो.