पाण्याच्या जोरावर घरचे जाते फिरवताना

घराजवळून बारमाही ओढा वाहत असेल आणि जमिनीला बरा उतार असेल, तर घरापुरते दळण पाण्याच्या जोरावर सहज होते. मात्र दगड आणण्याआधी पाणी मोजावे, कारण खळाळते पाणी डोळ्यांना असते त्यापेक्षा जास्त भासते आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पाटाच्या सरळ भागात १० मीटर अंतर आखून त्यात बुचाचा तुकडा सोडावा व त्याला लागणारे सेकंद मोजावेत. पाट ४० सेंटिमीटर रुंद, पाणी १० सेंटिमीटर खोल आणि वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर असेल, तर हिशेबाने सेकंदाला २४ लिटर पाणी येते. पण तळाशी व काठांशी ते संथ चालते, म्हणून त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १९ लिटरच धरावे. हे पाणी ३ मीटर उंचीवरून आले तर १९ × ९.८१ × ३ या हिशेबाने साधारण ५६० वॅट शक्ती मिळते. साध्या लाकडी चाकाच्या पदरात तिचा चौथा हिस्सा पडला, तरी हाताने जाते ओढणाऱ्या माणसाच्या जवळपास दुप्पट जोर हाती येतो.

चाक आडवेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उभे चाक देखणे असले तरी त्याला दातेरी चक्रे लागतात, तर आडव्या चाकाचा आस सरळ वर जाऊन जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, फिरवतो. ३ मीटर उंचीवरून पन्हळीने येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ७ मीटरच्या पुढे असतो. पाती त्याच्या निम्म्या वेगाने फिरली की काम उत्तम होते, आणि ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तो वेग मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा पडतो, जो ४५ सेंटिमीटरच्या दगडाला मानवतो.

खालची तळी पक्की बसवावी. आस तिच्या मधल्या भोकात बसवलेल्या लाकडी गुडदीतून (बुचातून) वर येतो आणि त्याच्या टोकावरची आडवी लोखंडी पट्टी वरच्या तळीला पेलते. आसाचे खालचे टोक ज्या तुळईवर टेकते, ती पाचरीने किंचित वरखाली करता आली पाहिजे, कारण पिठाचा पोत याच पाचरीवर ठरतो. पडणारे पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळावे: रवाळ लागले तर तळी केसभर खाली घ्यावी, गरम लागले तर वर उचलावी.

दाणे निवडून, दाताखाली कडक फुटतील इतके वाळवून घ्यावेत. ओलसर धान्य दगडावर टाकीने (छिन्नीने) पाडलेल्या खाचांत चिकटून बसते. वरच्या टोपलीच्या पन्हळीला एक काठी बांधून तिचे टोक फिरत्या तळीवर टेकवले, तर तिच्या हादऱ्यांनी दाणे आपोआप वैरले जातात आणि चाक मंदावले की वैरणही मंदावते. जाते रिकामे कधीही फिरू देऊ नये: दगडावर दगड घासून कच पिठात उतरते. म्हणून दळण संपत आले की मूठभर दाणे शिल्लक असतानाच पाणी अडवणारी फळी टाकावी, आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत पदर, केस व मुले त्यापासून लांब ठेवावीत. नव्याने टाकी लावलेल्या दगडावर पहिले दळण कोंड्याचे काढून फेकून द्यावे.