रोहिणीत वाळूचा फिल्टर भरा, आर्द्रात पाणी प्या

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत रानातला मळ, शेणखताचा निचरा, उघड्यावरची घाण सगळं विहिरीत उतरतं, आणि पंधरवड्यात घरोघरी जुलाब सुरू होतात. मळ्यातल्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी जैव-वाळू फिल्टर आत्ताच, रोहिणी नक्षत्रात भरून घ्यावा. घाई एवढ्यासाठी की वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची साय धरायला तीन-चार आठवडे लागतात. रोगजंतू खाण्याचं मुख्य काम ही सायच करते. नुसती वाळू तेवढं करत नाही.

आतून साधारण 25 सेंमी रुंद आणि तीन फुटांहून थोडी उंच सिमेंटची पेटी पुरते. तळाला 5 सेंमी जाड खडी, त्यावर 5 सेंमी बारीक खडी, वर 54 सेंमी चाळलेली, धुतलेली बारीक वाळू. नदीपेक्षा क्रशरची वाळू बरी, तिच्यात कुजका कचरा नसतो. पेटीत आधी पाणी घ्या आणि वाळू त्या पाण्यातच सोडा, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळातून वर आणलेल्या नळीचं तोंड वाळूच्या पातळीहून 5 सेंमी वर ठेवा, म्हणजे वाळूवर कायम तेवढंच पाणी राहील. ते आटलं तर साय वाळून मरते, जास्त झालं तर तिला हवा पुरत नाही. नळीला तोटी बसवू नका. वरून पाणी ओतताना भोकं पाडलेली परात ठेवा, नाहीतर धारेने वाळूत खड्डा पडतो.

रोज एकाच विहिरीचं पाणी घाला. दोन भरण्यांत निदान तासभर जाऊ द्या, पण दोन दिवसांहून जास्त खंड नको. पाणी फारच गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली असेल तर ते पाणी लगेच फिल्टरमध्ये ओतू नका, साय मरेल. क्लोरीनचे थेंब गाळलेल्या पाण्यात घालायचे, आणि घालायचेच, कारण हा फिल्टर सगळे जंतू मारत नाही.

फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार यातून जसेच्या तसे उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात किंवा युरियाचा मारा असलेल्या रानात पाणी आधी प्रयोगशाळेत तपासा. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तान्ह्या बाळाला ते पाणी अजिबात देऊ नका. उकळून नायट्रेट उलट वाढतं.

धार बारीक झाली की वाळू उपसू नका. वरचं पाणी हाताने हलकेच ढवळा, गढूळ झालेलं भांड्याने काढून टाका. साय पुन्हा धरेपर्यंत काही दिवस पाणी उकळून प्या.