फाल्गुनात जुनं लाकूड उजळताना या चुका टाळा

पाडव्याच्या तोंडावर घर आवरायला काढलं की नजर हमखास जुन्या सामानाकडे जाते. माळ्यावरचे पाट, बैठकीतली वेताची खुर्ची, काळवंडलेलं सागवानी कपाट. हवा कोरडी असते, पॉलिश भराभर वाळतं, दारं-खिडक्या उघड्या टाकून काम करता येतं. लाकडाच्या कामाला याहून चांगले दिवस नाहीत. पण कोरड्या हवेत लाकूड वर्षभरातलं सगळ्यात आकसलेलं असतं, हे विसरून केलेली दुरुस्ती श्रावणात उलटते.

आजीचं कपाट आम्ही रत्नागिरीजवळच्या गावाहून पुण्याला आणलं. कोकणच्या दमट हवेत आयुष्य काढलेलं लाकूड पुण्याच्या फाल्गुनात आलं आणि दाराच्या मधल्या फळीच्या कडेला, चौकटीलगत, रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट दिसायला लागली. मी लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून ती गच्च भरली, घासली, वर पॉलिश मारलं. पाडव्याला कपाट सुरेख दिसत होतं. ऑगस्टमध्ये चौकटीचा खालचा सांधा उघडला. फळी फुगली, तिला सरकायला जागा उरली नव्हती, म्हणून तिने चौकटच रेटली.

लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दीड-दोन फूट रुंदीची सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-चार मिलिमीटर सहज हलते. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दाराची मधली फळी ते चौकटीच्या खाचेत नुसती बसवत, चिकटवत नसत. ती फट बुजवू नका. फळी आकसली की कडेला पॉलिश न लागलेल्या कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते, तेवढी आत्ताच रंगवून घ्या. फाल्गुन-चैत्रात खाचेच्या आतपर्यंत ब्रश पोचतो. पुढच्या उन्हाळ्यात पांढरी रेघ दिसणार नाही. फळीलाच मधोमध चीर गेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच लाकडाची पातळ कपची तासून, सरस किंवा फेविकॉल लावून बसवायची.

खणांचंही तेच. आत्ता खण सैल वाटतो म्हणून पट्टी मारून घट्ट केलात तर जुलैत तो ओढता ओढता मूठ हातात येईल. उलट, पावसाळ्यात अडकणाऱ्या खणावर तेव्हाच रंधा मारला तर उन्हाळ्यात तो खुळखुळतो. वीतभर उंचीच्या खणाला वर दीड-दोन मिलिमीटर जागा ठेवा, आणि अडकत असेल तर घासण्याआधी ज्या कडांवर तो सरकतो त्यांवर साधी मेणबत्ती चोळून पाहा. निम्म्या वेळा काम तेवढ्यावर भागतं.

काय लावलंय ते न ओळखता नवं चढवणं

मला सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. जुन्या कपाटाला पूर्वी लाखेचं पॉलिश असायचं: चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने थरावर थर दिलेलं. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते. आपल्याकडे सर्वांत जास्त झारखंडात होते. पळस फुललेला असताना आपण घरात लाख घासत असतो, याचं मला दरवर्षी अप्रूप वाटतं.

ओळखायची रीत सोपी आहे. कपाटाच्या मागे, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवा. चिकट झालं, कापसाला तपकिरी रंग आला, तर लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे अलीकडची कडक पॉलिशं. लाख असेल तर तुमचं नशीब चांगलं. सगळं खरवडून काढायची गरजच नाही. मळ पुसून, स्पिरिटचा हलका हात फिरवून जुनाच थर मऊ करता येतो आणि त्यावर नवी लाख एकजीव होते. लोक मात्र कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन काढतात. त्याने साग काळा पडतो, जुने सांधे सुटतात, आणि तो काळेपणा मग कशानेही पूर्ण जात नाही.

स्पिरिटमध्ये कालवलेली लाख वर्षभर बाटलीत पडून असेल तर वापरू नका, ती नीट वाळतच नाही. आधी काचेच्या तुकड्यावर एक थर देऊन बघा. दुसऱ्या दिवशी नख रुतत असेल तर बाटली टाकून द्या. आणि हे काम लांबवून पावसाळ्यावर नेऊ नका, दमट हवेत लाखेवर दुधाळ साय धरते.

घासताना

काचपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरवा. आडवा मारलेला ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, पॉलिश चढलं की शंभर ओरखडे उठतात. 120 नंबरने सुरुवात, मग 180, शेवटी 240 पुरे. प्लायवर व्हिनिअर (चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर हातात मशिन घेऊच नका. आजकालचं व्हिनिअर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं. कडेला दोन सेकंद जास्त दाब पडला की खालचा प्लाय दिसतो, आणि त्यावर इलाज नाही.

जुना रंग कोरडा घासत असाल तर थांबा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या खुर्चीवर, पाळण्यावर, खिडकीच्या चौकटीवर शिसं असू शकतं. पाण्याने ओलं करून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत, आणि भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

सांधे चिकटवताना जुना सरस तसाच ठेवून वर फेविकॉल लावतात. ते धरत नाही, महिनाभरात सांधा पुन्हा हलतो. सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो, तो पूर्ण काढा, लाकूड दिवसभर वाळू द्या. साग मुळात तेलकट, म्हणून चिकटवायच्या आधी ती जागा थिनरने पुसा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या कापडाने लगेच पुसला नाही तर तिथे पॉलिश चढत नाही आणि फिका डाग कायमचा राहतो. पॉलिशच्या आधी सगळ्या लाकडावरून एकदा ओलं फडकं फिरवा. जिथे लाकूड गडद होत नाही तिथे फेविकॉल आहे, तेवढं घासून काढा.

कपाटाच्या किंवा खुर्चीच्या पायाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर रंग, पॉलिश सगळं बाजूला ठेवा. आत कीड जिवंत आहे. भुसा झाडून खाली काळा कागद पसरा, आठवड्याने बघा. पुन्हा पांढरं पीठ दिसलं तर वाळवी-किडीचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडून, तो भाग प्लास्टिकने काही दिवस बंद ठेवायला हवा. हे अंगणात किंवा गच्चीवर, हातमोजे घालून करा. नुसत्या उन्हात ठेवून कीड मरत नाही. सागाचा गाभा सहसा वाचतो, बाहेरचा पांढुरका भाग पोखरला जातो.

खोबरेल, शेंगदाण्याचं तेल लाकडाला चोळू नका. ती वाळत नाहीत, चिकट राहतात आणि धूळ धरतात. जवसाचं तेल वाळतं, पण ते वापरलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. हे मी आवर्जून सांगते. काम झालं की चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पितळी कड्या, मुठी चिंचेने घासायच्या तर आधी काढून घ्या. चिंचेचं पाणी लोखंडी स्क्रूपाशी मुरलं की लाकडावर काळं वर्तुळ येतं. वेताच्या खुर्चीची बैठक झोळ पडली असेल तर उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं तासभर ठेवा आणि सावलीत वाळवा. वेत ताणला जातो. कडक उन्हात ठेवाल तर तो ठिसूळ होऊन तुटेल. झोपाळा असेल तर कड्या एकमेकींत घासून झिजल्यात का ते बोट फिरवून तपासा, वरच्या हुकासकट. त्याला पॉलिश नंतर.

सजवताना

पाडवा जवळ आला की तोरणं, फुलदाण्या, नवे टेबलक्लॉथ निघतात. लाखेचा थर हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर वर प्लास्टिकचं कव्हर अंथरलं तर ते चिकटतं, उचलताना त्याची नक्षी टेबलावर उमटलेली असते. म्हणून पॉलिश पाडव्याच्या तीन आठवडे आधी संपवा. नाहीच जमलं तर सुती कापडही नको, टेबल उघडंच राहू द्या. तोरण दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लाकडी चौकटीला लावू नका, काढताना पॉलिश सोबत निघतं. खिळ्याला दोरा बांधा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या गार पेल्याने टेबलावर पांढरं वर्तुळ उठलं तर घाबरून काचपेपर घेऊ नका. लाखेच्या थरात अडकलेली ती फक्त ओल असते. स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेलं मऊ सुती फडकं त्यावरून एकदा, न थांबता फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या, पुन्हा एकदा. तिसऱ्या हाताला वर्तुळ बहुतेक नाहीसं झालेलं असतं.