दुधी-दोडक्याची कळी गळू नये म्हणून: उन्हाळ्यात गच्चीवर फळ कसे धरावे

पाडव्याच्या सुमारास कोल्हापुरातल्या गच्च्यांवर दुधी आणि दोडक्याचे वेल मांडवभर पसरलेले असतात, आणि बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते: फुले भरपूर येतात, पण बोटाएवढी झालेली कळी पिवळी पडते आणि गळते. त्यावर कोणी गुळाच्या पाण्याची फवारणी सुचवते, कोणी दुकानातले टॉनिक. गुळाच्या पाण्याने मुंग्या येतात आणि टॉनिकने पैसे जातात. कळी गळण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की तिच्यापर्यंत पराग पोहोचलेला नसतो, आणि ते काम घरातल्याच कोणीतरी हाताने केले तर फळ धरते.

लागवड

फेब्रुवारीत बी टोकावे, 18 इंची पिशवीत एकच वेल ठेवावा, निम्म्या मातीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि सुतळीचा भक्कम मांडव करावा. शेणखत जास्त घातल्यास वेल नुसता पानांनी माजतो. दुधीचा मुख्य वेल मांडवावर पोहोचला की त्याचा शेंडा खुडावा, कारण मादी फुले मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर अधिक येतात.

पाणी

पाणी सकाळीच, भरपूर द्यावे, आणि मातीवर उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्यावा. आपल्या जिल्ह्यात पाचट विकत घेण्याची वेळ येऊ नये, गावाकडच्या पाहुण्यांना सांगितले की पोतेभर मिळते. भर दुपारी पाने लोंबू लागली म्हणून घाबरून पाणी घालू नये. मातीत बोट घालून पाहावे, आत ओल असेल तर पाने संध्याकाळी आपोआप सावरतात.

फुलांची जोडणी

नर फुलाचा पराग हाताने मादी फुलाला लावणे म्हणजे जोडणी. खरे काम येथे आहे, आणि बहुतेक सल्ले येथेच चुकतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वेलावर फक्त नर फुले येतात. त्यांना वांझ समजून तोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये, मादी फुले मागाहून येतात. ओळखणे अगदी सोपे आहे. नर फूल बारीक, लांब देठावर असते, तर मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लहानसे, लव असलेले फळ आधीपासूनच दिसते. दोडक्याची नर फुले घोसाने येतात, मादी फूल मात्र एकटे असते.

आता वेळेविषयी. ‘सकाळी लवकर ब्रश फिरवा’ हा सल्ला काकडी, कारले, लाल भोपळा आणि घोसाळे यांच्यासाठी बरोबर आहे, कारण त्यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल मात्र संध्याकाळी उमलते, साधारण पाच ते आठच्या दरम्यान, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत कोमेजते. निसर्गात त्यांचे काम संध्याकाळी आणि रात्री उडणारे पतंग करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर ते पुरेसे येतील यावर विसंबू नये. दुधीवर सकाळी नऊ वाजता ब्रश फिरवणे म्हणजे बाजार उठल्यावर पिशवी घेऊन जाणे.

कृती अशी: ताजे उमललेले नर फूल देठासह तोडावे, त्याच्या पाकळ्या अलगद काढाव्यात आणि मधला पिवळा भाग बोटाला लावून पाहावा. बोटाला पिवळी पूड लागली तरच ते फूल कामाचे. मग तोच भाग मादी फुलाच्या मध्यभागी, कुक्षीच्या (पराग स्वीकारणाऱ्या भागाच्या) तिन्ही पाळ्यांवर, हलक्या हाताने फिरवावा. एकाच बाजूला पराग लागला तर फळ अनेकदा वाकडे किंवा एका टोकाला बारीक राहते, म्हणून एका मादी फुलाला दोन नर फुले वापरावीत, नर फुलांचा तुटवडा कधीच नसतो. ब्रशपेक्षा हीच पद्धत मला पसंत आहे, कारण निम्मा पराग ब्रशच्या केसांतच अडकून राहतो. दुधीचा पराग दोडक्याला चालत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. तीन-चार दिवसांत फळ हिरवेगार होऊन फुगू लागले की काम झाले.

घरात आजी असतील तर एक अडचण हमखास येते: तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये. हा वाद घालत बसण्यापेक्षा वेळ ठरवून घेणे बरे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेपाचला दोडका पाहावा, साडेसहाला दुधी, म्हणजे दिवा लागेपर्यंत गच्ची मोकळी होते. परीक्षा संपलेल्या मुलांना हे काम द्यावे. मोठ्यांची बोटे जाड असतात आणि त्यांना घाईही असते. एकाने फुले शोधायची, दुसऱ्याने जोडायची आणि जोडलेल्या कळीच्या देठाला रंगीत लोकरीचा धागा सैल बांधायचा. धाग्यामुळे कोणती कळी कोणी जोडली याची भांडणे होतात, पण कोणती गळली हेही नेमके कळते.

मे महिन्यातला वळीव ही दुसरी अडचण, कारण तो नेमका याच वेळी येतो आणि भिजलेला पराग निकामी होतो. पश्चिमेला ढग दाटू लागले की त्या दिवशी उमलणाऱ्या, टपोऱ्या नर कळ्या लांब देठासह तोडून घरात पेल्यातल्या पाण्यात ठेवाव्यात आणि मादी कळ्यांवर प्लॅस्टिकची लहान पिशवी सैलसर बांधावी. पाऊस उघडल्यावर पिशव्या काढून जोडणी करावी. वीज कडाडत असेल तर मात्र कोणालाही गच्चीवर पाठवू नये. एका संध्याकाळच्या कळ्या गेल्या तर जाऊ द्याव्यात.

जोतिबाच्या यात्रेला किंवा मामाच्या गावी जाताना शेजाऱ्यांना फक्त पाणी घालायला सांगावे, जोडणीची जबाबदारी टाकू नये.

फळ धरल्यानंतर

फळमाशीपासून बचावासाठी लहान फळाला जुन्या सुती कापडाची पिशवी बांधावी. दुधी साधारण दोन आठवड्यांत काढणीला येतो. सालीत नख सहज रुतले पाहिजे. दोडका शिरा टणक होण्याआधी काढावा, म्हणजे शिरांची चटणीही होते. दुधी चिरताना त्याची लहान फोड जिभेला लावून पाहावी आणि जरा जरी कडू लागली तर थुंकून संपूर्ण फळ फेकून द्यावे. कडू दुधी विषारी असू शकतो, शिजवूनही त्याचे विष जात नाही आणि त्याचा रस पिणे तर जिवावर बेतते. तसे फळ देणाऱ्या वेलाचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.