त्रिनिदाद-टोबॅगो: नवल बघायचं तर वेळ साधा

त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन कॅरिबियन बेटांच्या देशातल्या नवलाच्या गोष्टी आपापल्या वेळेलाच दिसतात. डबल्स या रस्त्यावरच्या खाण्याची खरी मजा सकाळी, लाल पक्षी सूर्यास्ताच्या आधी तासभर, कासवं रात्री आणि बकऱ्यांची शर्यत तर वर्षातून एकदा. न्याहारी आटोपून, आरामात अकराला हॉटेलातून निघालात तर यातलं काही ना काही हुकतंच. म्हणून ठिकाणं ठरवण्याआधी तासांचा हिशेब मांडा.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं तरी आधी मार्ग बघा. सैनिकी छापाचे कपडे बॅगेत अजिबात घालू नका, लहान मुलाची टोपीसुद्धा नको. तिथे ते वापरणं कायद्याने गुन्हा आहे. वीज ११५ व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर ‘एच’ असतं. ‘पी’ असेल तर ती खाजगी गाडी, तिच्यात बसू नका.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन दिवस पहाटेच जाग येते. लोळत पडू नका, डबल्स खायला निघा. हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मध्ये पातळसर चणे, म्हणजे आपले काबुली. वर चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा सॉस. हे सगळं मेणकागदात गुंडाळून, टोकं पिळून हातात देतात. आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, मग मागणी सांगा. तसंच मागायला लागलं की तिथे उद्धट वाटतं. विक्रेता तिखटाचं विचारेल. ‘स्लाइट’ म्हणजे थेंबभर. कोल्हापुरी रश्श्यावर वाढलेल्यांनीही पहिल्यांदा ‘स्लाइट’च सांगावं. तिथली मिरची आपल्या लवंगीपेक्षा कितीतरी जहाल, आणि तिचा जाळ लगेच न लागता चार घासांनी चढतो. तोपर्यंत अर्धं खाऊन झालेलं असतं. चढलाच तर पाणी पिऊ नका, मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध घालून केलेलं ‘पीनट पंच’ मागा. खायचं कसं? कागद तळहातावर उलगडायचा, बाराचा तुकडा तोडायचा आणि त्याने चणे उचलायचे. सँडविचसारखं तोंडाला लावलं की सगळं मनगटावर ओघळतं.

रोटीच्या दुकानात मराठी कानाला ओळखीचं बरंच काही ऐकू येईल: बैगन, भाजी, तरकारी. ३० मे १८४५ ला फातेल रझाक हे जहाज भारतातून मजुरांना घेऊन तिथे पोचलं. बहुतेकांची बोली भोजपुरी होती, पण वडिलांच्या आईला आजही तिथे ‘आजी’च म्हणतात! डालपुरी मागवून बघा. पुरणपोळीचीच रीत, फक्त आत गूळ नाही. जिरं घातलेल्या डाळीचा कोरडा भुगा असतो. ‘बस-अप-शट’ नावाचा पराठा तव्यावरच चुरगाळतात. नावाचा अर्थ फाटका शर्ट, आणि ताटात तो खरंच तसाच दिसतो.

त्रिनिदादच्या दक्षिणेकडच्या ला ब्रेआ गावातलं डांबराचं तळं सकाळीच गाठा. साधारण ४० हेक्टर पसरलेलं आणि मध्यभागी जवळपास ७५ मीटर खोल असं हे नैसर्गिक डांबर. त्यावरून चालता येतं, हेच नवल. पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला असतो आणि थोडा वेळ एका जागी उभं राहिलं की टाचेचा ठसा उमटतो. ऊन तापलं की डांबर आणखी मऊ होतं, म्हणून सकाळ बरी. गाइडशिवाय जाऊ नका. कुठली जागा टणक आणि कुठे पाय रुतेल, हे नवख्याला वरून कळत नाही. उंच टाचा नकोत, सपाट जुनी चप्पल हवी. पायाला डांबर लागलं तर पाण्याने नुसतं पसरतं. आधी खोबरेल चोळायचं, फडक्याने पुसायचं, मग साबण लावायचा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते डिसेंबर, सुरकुत्यांमध्ये गंधकाच्या पाण्याची डबकी साचतात आणि लोक त्यांत डुंबताना दिसतात. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्द्याने याच डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या.

उत्तरेकडे परतताना वॉटरलू गावाचं समुद्रातलं देऊळ लागतं. सिवदास साधू या ऊसमजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग त्याने समुद्रातच भराव घालायला सुरुवात केली. सायकलवरून दगड आणि सिमेंट वाहत त्याने एकट्याने पंचवीस वर्षं ते काम केलं. लाटांनी झिजलेलं ते देऊळ १९९५ मध्ये नव्याने उभं राहिलं. भरतीच्या वेळा आधी बघून जा: भरतीला ते पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं, ओहोटीला मात्र भोवती नुसता चिखल. शेजारीच दहनभूमी आहे. अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा. जवळच ८५ फुटी हनुमान उभा आहे, तोही एका दत्तात्रेयाच्या देवळाच्या आवारात.

तिथून निघून दुपारी चारपर्यंत कारोनी दलदलीच्या धक्क्यावर पोचायचं. होडी आधी सांगून ठेवा, मच्छर पळवणारं मलम लावा आणि दुर्बीण न्या, कारण पक्ष्यांच्या बेटापासून होडी लांबच थांबवतात. खारफुटीच्या फांदीवर चेंडूसारखा गुंडाळलेला बोआ साप गाइड दाखवेल. पण खालीही बघा. काठाच्या उथळ पाण्यात चार डोळ्यांचा मासा असतो. डोळे खरे दोनच, पण प्रत्येकाची बाहुली आडवी दुभंगलेली: वरचा अर्धा भाग पाण्याबाहेर बघतो, खालचा पाण्यात. होडी जवळ आली की हे मासे पाण्याच्या पृष्ठभागावरूनच सटकतात. सूर्य कलला की स्कार्लेट आयबिस या लाल पक्ष्यांचे थवे येऊ लागतात आणि हिरवं बेट बघता बघता शेंदरी होऊन जातं. हा रंग त्यांना खेकड्या-कोळंब्यांतून मिळतो, म्हणून पिल्लं करडीच असतात. फ्लॅश नको, आरडाओरडा नको. बिथरलेला थवा दुसरीकडे जाऊन बसतो.

लेदरबॅक ही समुद्री कासवं अंडी घालायला मार्च ते ऑगस्टमध्ये रात्री किनाऱ्यावर येतात, मे-जूनमध्ये सर्वांत जास्त. मटुरा आणि ग्रांद रिव्हिएर हे किनारे नावाजलेले. परवाना आधी काढावा लागतो. ग्रांद रिव्हिएरचा रस्ता लांब आणि वळणांचा आहे, तिथे मुक्कामच करा. मादी वाळूवर चढत असताना तिच्या वाटेत उभं राहिलात तर ती अंडी न घालताच परत फिरते. खड्डा खणून अंडी पडू लागली की मग तिला आजूबाजूचं फारसं भान राहत नाही, आणि तेव्हाच गाइड लाल दिवा लावून मागच्या बाजूने जवळ बोलावतो. खणताना नीट बघा: मागचा एक पाय ओंजळीसारखा वाकतो, वाळू उचलून बाजूला ठेवतो, मग दुसऱ्याची पाळी. डोळ्यांतून पाणी वाहत असतं, पण ते रडणं नाही. अंगातलं जास्तीचं मीठ तसं बाहेर पडतं.

राहिली बकऱ्यांची शर्यत. टोबॅगोतल्या बुकू गावात १९२५ पासून ती ईस्टरनंतरच्या मंगळवारी होते. जॉकी बकऱ्यावर बसत नाही. दोरी धरून, अनवाणी, त्याच्या मागे पळतो. बकरा मध्येच अडून बसला की जॉकीचंही काही चालत नाही. बांबूला दोरीने बांधलेल्या खेकड्यांचीही शर्यत असते. त्रिनिदादहून विमानाने अर्धा तासही लागत नाही, बोटीने काही तास. पण ईस्टरच्या आठवड्यात सारा देशच टोबॅगोला निघतो, तेव्हा जाण्याचं, येण्याचं आणि राहण्याचं असं तिन्ही बुकिंग एकदमच करा. परतीचं तिकीट बुधवारचं घ्या.