बॅकलाइट लुकलुकतोय? डिस्प्ले बदलण्याआधी त्याची लय बघा

साताऱ्याला आत्याच्या घरी मी टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा डबा बसवून दिला होता. आत ईएसपी ८२६६ चा, म्हणजे वायफाय असलेला छोटा बोर्ड, सोळा बाय दोनचा (सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा) निळा एलसीडी, त्याला मागून उजेड देणारा बॅकलाइट आणि एलसीडीच्या पाठीला पीसीएफ ८५७४ ची छोटी आयटूसी पट्टी, म्हणजे दोनच सिग्नल वायरींवर एलसीडी चालवणारी. महिनाभराने आत्याचा फोन आला, "अगं, तुझा डबा डोळे मिचकावतोय." मी नवा डिस्प्ले घेऊन गेले, बदलला. तो पण मिचकावायला लागला. पुढच्या खेपेला तिसरा लावला, तरी तेच.

मग मी हत्यारं बाजूला ठेवली आणि घड्याळ घेऊन डब्यासमोर बसले. दर पाच सेकंदांनी एकदा उजेड दचकत होता. माझ्याच प्रोग्रॅममध्ये बोर्ड दर पाच सेकंदांनी वायफायवरून पातळी पाठवत होता!

तेव्हापासून मी आधी लय बघते. रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढला की उजेड दबतो? पुरवठ्यावर संशय घ्या. मॉड्यूलला बोटाने हलकेच टिचकी मारली की लुकलुकतो? सोल्डर किंवा जंपर वायर सैल आहे. आकडा बदलतानाच होतं? प्रोग्रॅम उघडा. आणि नीट बघा, उजेड जातोय की नुसती अक्षरं जातायत? लूपमध्ये दर वेळी 'क्लिअर' कमांड दिली की अक्षरं पुसून पुन्हा उमटतात आणि पाहणाऱ्याला बॅकलाइटच लुकलुकल्यासारखा वाटतो. क्लिअर न करता कर्सर जागेवर नेऊन वरूनच लिहा. मात्र पुढे एक-दोन रिकाम्या जागाही छापा, नाहीतर १०० चे ९९ झाल्यावर जुना शून्य तसाच राहतो.

लयीवरून उलगडा झाला नाही, तर पुढची चाचणी करा. माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. डब्यात २३० व्होल्टची वायर येत असेल तर आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. प्लग काढल्यावरच २३० व्होल्टच्या टोकांवर टेप किंवा पुठ्ठ्याची आडकाठी बसवा.

आयटूसी पट्टीच्या कडेला दोन पिनांवर एक काळा जंपर असतो. तो काढा. एलसीडीची १५ नंबरची पिन म्हणजे बॅकलाइटचा ॲनोड (धन टोक), १६ नंबरची कॅथोड (ऋण टोक). जंपरच्या दोन पिनांपैकी कोणती १५ ला जोडलेली आहे, हे मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर शोधा. त्या पिनला तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट, २२० ओहमच्या रेझिस्टरमधून द्या. सेलचं ऋण टोक सर्किटच्या ग्राउंडला जोडा. इथे पॉवर बँक वापरू नका. इतक्या कमी करंटवर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि तुम्ही भलत्याच दिशेने शोधत बसता.

आता सर्किट चालू करा. उजेड थोडा मंद असेल, पण स्थिर असेल तर बॅकलाइट ठीक आहे, दोष पुरवठ्यात आहे. तरीही लुकलुकला तर १६ नंबरची पिन एका वायरने थेट ग्राउंडला लावून बघा. त्याने थांबला, तर पट्टीवरचा छोटा ट्रान्झिस्टर किंवा त्याला चालू-बंद करणारा प्रोग्रॅम गडबड करतोय. एलसीडीसाठी वापरलेल्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडमध्ये, पिनांची मांडणी चुकीची दिली असेल तरी असंच होतं, आणि तेव्हा बहुधा अक्षरंही उमटत नाहीत. ग्राउंडला लावूनही लुकलुकत राहिला, तर १५ आणि १६ नंबरचे सांधे भिंगाखाली बघा. सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसली की तो ड्राय जॉइंट. थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवा. त्यानेही फरक पडला नाही, तरच मॉड्यूल बदला.

पुरवठ्याच्या दोषात साधा मल्टिमीटर पुष्कळदा फसवतो. वायफायवर पाठवताना व्होल्टेज काही मिलिसेकंदच खाली येतं आणि मीटर निवांत पाच व्होल्ट दाखवत राहतो. आत्याच्या डब्यात लांब आणि बारीक यूएसबी केबल होती. मी ती काढून आखूड, जाड केबल घातली आणि डिस्प्लेच्या पाच व्होल्ट व ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरॅड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर सोल्डर केला. त्याच्या अंगावरची पट्टा असलेली बाजू ग्राउंडला जाते. ती उलटी लागली तर कॅपॅसिटर फुटू शकतो, म्हणून सोल्डर करण्याआधी दोनदा बघा.

बॅकलाइट तुम्ही पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून, मंद करत असाल, तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतील. डोळ्यांना स्थिर दिसत असेल तर त्यात बिघाड काही नाही. ईएसपी ८२६६ वर मात्र पीडब्ल्यूएम सॉफ्टवेअरने होतं आणि वायफाय चालू असताना उजेड थरथरू शकतो. तिथे मी बॅकलाइट सरळ रेझिस्टरवर ठेवते.

आत्याकडून काढून आणलेले दोन्ही डिस्प्ले घरी याच पद्धतीने तपासले. दोन्ही धडधाकट निघाले. त्यातला एक आता आमच्या सोसायटीच्या पंपघरात लावलाय.