जिलेटिनमधला शिलारस: या चुका टाळा

शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, भेगेत शिरून थिजला की खडकात भिंतीसारखा पट्टा तयार होतो, तो डाइक. डब्यात जिलेटिन गोठवून त्यात खालून रंगीत पाणी सोडलं की तो घरी करून बघता येतो. पण पहिल्या वेळी आमचा डाइक झालाच नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलं डोळे लावून बसलेली. मी डब्याच्या बुडातून सिरिंज दाबली आणि आत लाल पाण्याचा नुसता गोळा झाला. मे महिना, त्यात वीज गेलेली. तिशीच्या तापमानाला जिलेटिन लोळायला लागतं, हे मला तेव्हा कळलं.

शिलारस वर चढतो तो खडक फाडून. भेगेत शिरायचं, तिच्या टोकावर ताण आणायचा, पुढचं फाडायचं. म्हणजे जिलेटिनही फाटायला हवं. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम जिलेटिन घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि डबा बाहेर काढल्या काढल्या कामाला लागा. रंगीत पाणीही गारच हवं. वर तेलाचा पातळ थर ओतला की साय धरत नाही. घरात आहे म्हणून चायना ग्रास वापरू नका; ते ठिसूळ असतं आणि आरपार नीट दिसतही नाही.

पाणी डब्याच्या कडेने सुळकन वर आलं तर सुई भिंतीजवळ टोचली गेलीय. मधोमध टोचा. सिरिंजमध्ये हवा राहिली तरी खेळ बिघडतो.

सगळ्यात जास्त गोंधळ दिशेचा. “काका, दर वेळी भेग वेगळीकडे का जाते?” कारण तुम्ही डबा कुठूनच दाबलेला नसतो, मग सुईचं तिरकं टोक दिशा ठरवतं. मऊ प्लॅस्टिकचा डबा दोन समोरासमोरच्या बाजूंनी हलकेच दाबून धरा. भेग एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे पसरते आणि दाबाला काटकोनात उघडते, कारण तिकडचा दाब सर्वांत कमी. कोकणपट्टीतले बरेचसे डाइक उत्तर-दक्षिण आहेत, म्हणजे ते झाले तेव्हा इथलं भूकवच पूर्व-पश्चिम ताणलं जात होतं, असं त्यावरून सांगता येतं. नर्मदा-तापीकडचे पूर्व-पश्चिम आहेत. तिथे ताण उत्तर-दक्षिण.

भेग अडली म्हणून जोर लावू नका. खरा डाइकही थांबत थांबत जातो. २०१४ साली आइसलँडमध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीखालून निघालेला डाइक सुमारे दोन आठवड्यांत ४० किलोमीटरहून जास्त गेला, तोही टप्प्याटप्प्याने.

सिल, म्हणजे दोन थरांच्या मधे आडवा पसरलेला शिलारस, हवा असेल तर खाली मऊ थर, वर घट्ट. खालचा पूर्ण गोठल्यावरच वरचा ओता, आणि तोही कोमट. गरम ओतलात तर दोन्ही थर एकजीव होतात आणि पाण्याला आडवं वळायला सांधाच उरत नाही. माझे दोन डबे असेच वाया गेले.

शेवटची चूक डब्याबाहेरची. प्रयोग झाला की मुलं मुंब्र्याच्या डोंगरातला प्रत्येक काळा थर सिल म्हणून दाखवतात. तिथले बहुतेक थर लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत. प्रवाह खालचाच खडक भाजतो आणि त्याच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात; सिल वरचाही खडक भाजतो. डाइक ओळखायला त्यातले दगडी खांब बघा. थंड होताना ते भिंतींशी काटकोनात फुटतात, म्हणून उभ्या डाइकमध्ये वखारीत रचलेल्या लाकडांसारखे आडवे पडलेले दिसतात.